अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

गोरव्याहून आत्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. बडोद्याच्या या अलेंबिक कारखान्याजवळच्या भागात ती लग्न होऊन गेली, त्याला चाळीस वर्षं झाली. "अगं, लॅपटॉप उघडेना. निळा पडदा आलाय आणि अठ्ठेचाळीस आकडे मागतोय."

दुपारीच मदरबोर्ड बदलून आणला होता. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारू या. आत्यानं लॅपटॉप उचलला आणि तडक घरी आली. शहाणपणच केलं म्हणायचं! त्यात आमच्या आज्जीची सोबाने पदं होती. आज्जीचं माहेर चिकोडीकडचं. घरातल्या लग्नांत तिनं म्हटलेली ती कन्नड पदं आत्यानं ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. आज्जी आता नाही, आणि दुसरी प्रतही कुठं नव्हती.

या कुलपाचं नाव बिटलॉकर. विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ साली ते सर्वसामान्य बाजारात आलं. आता मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं नवा लॅपटॉप सुरू केला, की पुष्कळदा ते आपल्याला न कळत लागतं. डिस्क उघडायची चावी सांभाळते मदरबोर्डवरची टीपीएम चिप. बोर्ड बदलला, चिप बदलली, की संगणक आपल्याच मालकाला चोर समजतो! मग तो राखीव किल्ली मागतो: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती कुठंच जपलेली नसेल, तर कंपनीही नवी करून देऊ शकत नाही. जुलै २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका अपडेटनंतरच काही संगणकांवर हा पडदा आला होता.

आत्यानं बिलं, वह्या, खोका, पेनड्राइव्ह सगळं धुंडाळलं. तिच्या खात्यातही काही नाही. (ऑफिसचा लॅपटॉप असता, तर तिथल्या संगणक विभागाला विचारता आलं असतं.) मग मी विचारलं, "पहिल्यांदा सुरू कुणी करून दिला होता?"

हुबळीच्या माझ्या धाकट्या भावानं! दिवाळीला गेला होता तेव्हा, आणि स्वतःच्या खात्यावरून. त्यानं मोबाईलवर खातं उघडलं, तर दोन किल्ल्या. निळ्या पडद्यावरच्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळवून त्यातली एक निवडली.

आता आकडे सांगायचे. भाऊ 'सात' म्हणाला की आत्याला 'आठ' ऐकू येई. शेवटी तीच वैतागली, "कन्नडात सांग रे!" मग सुरू झालं, सोन्ने, एळू, एंटू... पाचव्या गटाला पडद्यानं अडवलं. प्रत्येक गटाला अकरानं भाग जावा लागतो, त्यामुळे चुकलेला गट तिथंच कळतो. ओंबत्तूच्या जागी आरू पडला होता.

लॅपटॉप उघडला. किल्ली कागदावर उतरून दागिन्यांच्या डब्यात गेली, लॅपटॉपच्या पिशवीत नाही. पदांची एक प्रत हुबळीला आली, एक माझ्याकडं बेळगावला. त्या रात्री आत्यानं पहिलं पद फोनवरच लावलं. मध्येच आज्जी खोकते, पाणी मागते आणि पुढची ओळ धरते.