कार्मेनेर: मर्लोच्या नावाने वाढलेला वाण

कार्मेनेर ही गडद, जांभळट लाल रंगाची, भरदार पण घशाला मऊ लागणारी वाइन. आज ती चिलीची ओळख मानली जाते; वाण मात्र मूळचा फ्रान्सचा, बोर्दोजवळच्या मेदोक भागातला. पानझडीच्या दिवसांत या वेलीची पाने किरमिजी होतात. त्या रंगाच्या फ्रेंच नावावरूनच वाणाचे नाव पडले, असे मानतात.

बोर्दोच्या बागायतदारांचे या वेलीशी फारसे जमले नाही. फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला की फुलगळ होई आणि घड विरळ भरत. जे मणी धरत, तेही फार उशिरा पिकत. १८६०च्या दशकात फायलोक्सेरा ही मुळांवर जगणारी, माव्याच्या जातकुळीची कीड फ्रान्सभर पसरली. पुढे अमेरिकी खुंटांवर कलमे करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा अशा लहरी वाणाला जागा देण्याइतकी हौस कोणाला उरली नव्हती. कार्मेनेर जवळपास नामशेष झाली.

त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, चिलीतल्या धनिक जमीनदारांनी बोर्दोहून वेलींच्या काड्या आणवल्या होत्या. त्यांत मर्लोबरोबर कार्मेनेरही मिसळून आली. उत्तरेला आटाकामाचे वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला महासागर. चिलीच्या बागांमध्ये ती कीड शिरलीच नाही. दोन्ही वाणांची पाने आणि घड सारखे दिसतात, आणि ते साहजिकच आहे. काबर्ने फ्रां हे दोघांचेही एक पालक, म्हणजे ही सावत्र भावंडे. एकाच ओळीत उभ्या असलेल्या या वेली शंभरहून अधिक वर्षे सरसकट मर्लो म्हणूनच ओळखल्या गेल्या. घोटाळा व्हायचा तो तोडणीत. मर्लो तयार होई तेव्हा कार्मेनेर तीन-चार आठवडे मागे असे. तरी घड एकत्रच तोडले जात. ‘चिलीच्या मर्लो’ला एक हिरवट चव असते, हा बोलबाला त्यातूनच झाला.

२४ नोव्हेंबर १९९४ रोजी फ्रेंच वाणतज्ज्ञ ज्याँ-मिशेल बुर्सिको माइपो खोऱ्यातल्या विन्या कार्मेनच्या बागेत फिरत होते. दक्षिण गोलार्धातला वसंत, वेली फुलोऱ्यावर. एका फुलाचे पुंकेसर त्यांना पिळवटलेले दिसले. मर्लोचे तसे नसतात. तेवढ्या खुणेवरून हरवलेला वाण सापडला. (बागेचे नाव आणि वाणाचे नाव जुळते, तो निव्वळ योगायोग.) चिलीने १९९८मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. चीनमध्ये ‘काबर्ने गेर्निश्ट’ म्हणून लावला जाणारा वाणही कार्मेनेरच असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

या वाइनची खरी खूण म्हणजे ढोबळी मिरचीचा वास. ही उपमा नव्हे. मिरचीला तो वास देणारी पायराझिन वर्गातली संयुगेच या द्राक्षातही असतात. मणी पिकत जातील आणि घडांवर ऊन पडेल तशी ती कमी होतात. म्हणून घडांभोवतीची पाने काढतात आणि तोडणी एप्रिल-मेपर्यंत लांबवतात. काचापोआल खोऱ्यातल्या पेउमोची चिकणमाती या वाणाला विशेष मानवते. नीट पिकलेल्या कार्मेनेरमध्ये काळ्या बोरवर्गीय फळांचा गर, मिरपूड, थोडा धूर आणि कोको जाणवतो. मिरचीचा वास मागे उरतो, आणि उरावाच. तो पूर्ण घालवण्याच्या नादात जास्त पिकवलेली वाइन मुरंब्यासारखी गोडसर आणि सपाट लागते. मुळातच आंबटपणा कमी, टॅनिन मऊ. म्हणून बहुतेक बाटल्या पाच-सहा वर्षांच्या आत संपवलेल्या बऱ्या. कणा हवा असेल तर उत्पादक थोडी काबर्ने सोव्हिन्यों मिसळतात.

जेवणात तिची जोडी भाजलेल्या कोकराशी, निखाऱ्यावरच्या मांसाशी आणि भाजलेल्या ढोबळी मिरचीशी जमते. चिलीत तिच्यासोबत ‘पास्तेल दे चोक्लो’ चांगले लागते. मातीच्या वाडग्यात जिरे घालून परतलेला कांदा-खिमा, वर कोंबडीचा तुकडा, उकडलेले अंडे आणि ऑलिव्ह. त्यावर तुळशीच्या जातीच्या बेसिलची पाने घालून वाटलेल्या ताज्या मक्याचा थर, आणि हे सगळे भट्टीत खरपूस भाजलेले. मक्याचा गोडवा आणि जिऱ्याचा मातकट वास वाइनच्या हिरवट छटेला सांभाळून घेतात. जिरे-धण्याच्या बेताच्या मसाल्याशीही तिचे पटते. जाळ तिखटाशी मात्र नाही, कारण १४ टक्क्यांच्या आसपासचे अल्कोहोल तिखटाची आग आणखी वाढवते.