एकाच रुळावर येण्याची गोष्ट

आमच्या पिढीतील बेळगावकरांना मिरज जंक्शन आठवते ते गाडी बदलण्यासाठी. १९७१च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, पण मिरजेहून बेळगाव-हुबळीकडे येणारा मार्ग नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला. मुंबईहून येणाऱ्या माणसाने मिरजेला उतरायचे, ट्रंक-वळकटी हमालाच्या डोक्यावर द्यायची, मुलांचे हात घट्ट धरायचे आणि दुसऱ्या फलाटावरची छोटी गाडी गाठायची. मालगाडीतली पोतीसुद्धा तशीच एका डब्यातून दुसऱ्यात जायची. डबे चांगले होते, इंजिने चांगली होती, माणसेही कष्टाळू होती. अडचण एवढीच, की दोन रुळांमधले अंतर सारखे नव्हते.

सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकांच्या जगातही अशीच एक मिरज होती. तिथली गाडीबदल बंद करण्यासाठी १९९९मध्ये जगातल्या बड्या कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ‘इन्फिनिबँड’ नावाचे एक मानक ठरवले. माहिती साठवण्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यामागे आपले बळ उभे केले. पुढे काय झाले ती कथा आपल्या घरांतही सांगण्याजोगी आहे. बंगळूर-पुण्याच्या संगणक कंपन्यांत आपली मुले-मुली नोकरी करतात, आणि त्यांच्या कामाचे नाव विचारले की आपण ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढेच सांगून मोकळे होतो.

घाटातला एकेरी रस्ता

सर्व्हर म्हणजे एकाच वेळी हजारो लोकांची कामे करणारा संगणक. आपण बँकेत पैसे काढतो, रेल्वेचे तिकीट काढतो, तेव्हा कुठल्या तरी सर्व्हरला विचारणा होते. हिशोब करणारा प्रोसेसर त्याच्या पोटात असतो. मात्र खातेदारांची माहिती बहुधा बाहेरच्या कपाटात, डिस्कच्या रांगांमध्ये असते. हे कपाट म्हणजेच ‘स्टोरेज’. प्रोसेसर आणि कपाट यांच्यातला रस्ता अरुंद असेल तर प्रोसेसर कितीही चपळ असून उपयोग नाही. स्वयंपाकीण झटपट हात चालवणारी, पण कोठीघर गल्लीच्या टोकाला, असा तो प्रकार.

१९९२मध्ये इंटेलने पुढे आणलेला ‘पीसीआय’ हा त्या काळचा सर्रास वापरातला रस्ता. मूळ रूपात त्याची क्षमता सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाइट होती आणि ती सगळ्या कार्डांनी वाटून घ्यायची. घाटातल्या एकेरी रस्त्यावर एक ट्रक चढू लागला की बाकीच्यांनी थांबायचे, तसे. प्रोसेसरचा वेग दरवर्षी वाढत होता, डिस्कची कपाटे मोठी होत होती, पण घाटरस्ता तेवढाच राहिला. शिवाय सर्व्हरच्या बाहेर पडले की कपाटाकडे जाणाऱ्या तारा वेगळ्या, सर्व्हर-सर्व्हरमधल्या तारा वेगळ्या आणि इंटरनेटच्या त्याहून वेगळ्या. प्रत्येक ठिकाणी माहितीची पोती उतरवायची आणि पुन्हा चढवायची.

दोन छावण्या, एक मांडव

यावर उपाय हवा हे सर्वांनाच पटले होते. भांडण होते ते उपाय कोणाचा, यावर. इंटेलने ‘एनजीआयओ’ नावाची योजना मांडली. डेल, सन यांसारख्या कंपन्या तिच्या बाजूने होत्या. कॉम्पॅक, एचपी आणि आयबीएम यांनी ‘फ्यूचर आयओ’ नावाची दुसरी योजना पुढे केली. स्टोरेजची कार्डे बनवणारी अॅडाप्टेक ही कंपनी या दुसऱ्या छावणीत होती.

स्टोरेजवाल्यांची स्थिती मोठी कठीण होती. सर्व्हर बनवणारा आपल्या सर्व्हरपुरता विचार करू शकतो, पण डिस्कचे कपाट बनवणाऱ्याला सगळ्यांच्या सर्व्हरला जोडता येईल असेच कपाट बनवावे लागते. दोन मानके झाली की दोन प्रकारची कार्डे, दोन प्रकारच्या चाचण्या आणि दुप्पट खर्च आला. शेवटी तो खर्च गिऱ्हाइकाच्या, म्हणजे बँकेच्या, रुग्णालयाच्या आणि पर्यायाने तुमच्या-आमच्या खिशातूनच जातो. त्यामुळे एक मानक व्हावे याची सर्वांत जास्त गरज स्टोरेज कंपन्यांना होती.

ऑगस्ट १९९९मध्ये दोन्ही छावण्यांनी समेट केला. सुरुवातीला या एकत्रित योजनेला ‘सिस्टिम आयओ’ म्हणत. नंतर तिचे नाव इन्फिनिबँड झाले. कॉम्पॅक, डेल, एचपी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि सन अशा सात कंपन्यांचे सुकाणू मंडळ बनले आणि पाहता पाहता सदस्यसंख्या शंभराच्या वर गेली. ऑक्टोबर २०००मध्ये मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. एका पदरी तारेतून सेकंदाला अडीच गिगाबिट, चार पदरी तारेतून दहा आणि बारा पदरी तारेतून तीस गिगाबिट असा हिशोब होता.

वेगाइतकीच महत्त्वाची होती ती त्यातली एक युक्ती. तिला ‘आरडीएमए’ म्हणतात. एरवी एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे माहिती गेली की दुसऱ्याच्या प्रोसेसरने हातातले काम टाकून ती उतरवून घ्यायची असते. आरडीएमएमध्ये माहिती थेट दुसऱ्याच्या स्मृतीत ठरलेल्या जागी जाऊन बसते. शेजारणीने हाक न मारता मागच्या दाराने येऊन आपल्या फडताळात साखरेची वाटी ठेवून जावे, तसे. त्यासाठी शेजार विश्वासाचा हवा आणि फडताळातली जागा आधी ठरलेली हवी. ते ठरवून देण्याचे काम मानक करते.

नेटवर्क अप्लायन्स ही स्टोरेज कंपनी, जिला आपण आज नेटअॅप म्हणतो, या युक्तीमुळे हरखून गेली. २०००मध्ये तिने इंटेल आणि इतरांसोबत ‘डॅफ्स’ नावाची फायलींची नवी पद्धत ठरवण्यासाठी गट उभारला. सप्टेंबर २००१मध्ये तिची पहिली आवृत्तीही आली.

सह्या करणारे आणि टिकणारे

मांडव सजला, वाजंत्री आली आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला. २०००-०१मध्ये इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. सर्व्हरची मागणी घटली आणि नव्या तारांसाठी, नव्या कार्डांसाठी पैसे काढायला कोणी तयार होईना. २००२मध्ये इंटेलने इन्फिनिबँडच्या स्वतःच्या चिप बनवण्याचे काम थांबवले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही हात आखडता घेतला आणि जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या इथरनेटलाच वाढवण्याकडे कल दाखवला. सर्व्हरच्या पोटातल्या पीसीआयची जागा पुढे ‘पीसीआय एक्सप्रेस’ने घेतली. डॅफ्स तर बाजारात रुजलेच नाही. ज्या कामासाठी इन्फिनिबँडचा जन्म झाला होता ते काम त्याला मिळालेच नाही.

लग्नाच्या मांडवात हौसेने आलेले आणि अडचणीला धावून आलेले यांतला फरक आपल्या घरांना नव्याने सांगायला नको. मानकाचेही तसेच असते. पत्रकाखाली सही करायला काही लागत नाही. स्वतःच्या यंत्रात ते बसवून गिऱ्हाइकापुढे ठेवण्यात जोखीम असते.

ती जोखीम काही स्टोरेज कंपन्यांनी घेतली. नेटअॅपने आपल्या जोडीने चालणाऱ्या यंत्रांमध्ये एकाची ताजी नोंद दुसऱ्यात तत्काळ उतरावी म्हणून इन्फिनिबँडची तार वापरली. एक यंत्र बंद पडले तरी दुसऱ्याकडे सगळी नोंद तयार असावी, हा हेतू. २००१मध्ये स्थापन झालेल्या आयसिलॉनने अनेक छोटी कपाटे इन्फिनिबँडने जोडून एक मोठे कपाट बनवण्याचा मार्ग धरला. २०१०मध्ये ईएमसीने सुमारे २२५ कोटी डॉलर्स मोजून ती कंपनी विकत घेतली. २००८मध्ये ओरॅकलने एचपीच्या मदतीने ‘एक्साडेटा’ आणले, त्यातही कपाट आणि सर्व्हर यांच्यामध्ये हीच तार होती. गिऱ्हाइकाला बाहेरून ती दिसतही नव्हती. त्याला फक्त यंत्र वेगाने चालते आणि सहसा दगा देत नाही, एवढे कळत होते.

दुसरा आधार मिळाला तो महासंगणकांचा. २००३मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने अॅपलचे ११०० संगणक इन्फिनिबँडने जोडले आणि त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तिसरा क्रमांक मिळवला. आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे पुण्याचा ‘एका’. टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला हा महासंगणक नोव्हेंबर २००७मध्ये जगात चौथा आला. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणिते करणाऱ्या त्या यंत्राचे भागही इन्फिनिबँडनेच जोडलेले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘परम प्रवेग’ची जोडणीही याच घराण्यातली आहे.

शब्द एका भाषेचे, हेल दुसरीचा

या कथेतला मला सर्वांत भावलेला भाग २०१०चा आहे. त्या वर्षी इन्फिनिबँडच्याच संघटनेने आपली आरडीएमएची युक्ती इथरनेटच्या तारेवर कशी चालवायची याचे नियम प्रसिद्ध केले. तार दुसऱ्याची, व्याकरण आपले. आपल्या सीमाभागात हे सहज समजावे. शब्द मराठी आणि हेल कन्नड अशी वाक्ये आपण रोज बोलतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आजीशी कन्नड, मास्तरांशी मराठी आणि भाजीवालीशी दोन्ही, हा आपला शिरस्ता. २०१६मध्ये नव्या पिढीच्या झटपट डिस्क दूरवरून वापरण्यासाठी ‘एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स’ हे मानक आले, तेव्हा इन्फिनिबँड आणि इथरनेट अशा दोन्ही तारांवर चालण्याची सोय त्यात ठेवली गेली. डॅफ्सने पाहिलेले स्वप्न पंधरा वर्षांनी असे दुसऱ्या नावाने पुरे झाले म्हणायला हरकत नाही.

पण शेवट इतका गोड नाही. हे मानक सर्वांसाठी खुले होते, तरी चिप बनवण्यात जिद्दीने टिकून राहिली ती मुख्यतः एकच कंपनी. १९९९मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालेली मेलानॉक्स. वाटेत इंटेलने २०१२मध्ये क्यूलॉजिककडून इन्फिनिबँडचा व्यवसाय विकत घेऊन पुन्हा या पेठेत पाऊल टाकले, त्यातून ‘ओम्नी-पाथ’ नावाची वेगळी जोडणी काढली आणि २०१९मध्ये तीही सोडली. २०२०मध्ये एनव्हिडियाने सुमारे ७०० कोटी डॉलर्सना मेलानॉक्स घेतली. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली, हजारो प्रोसेसर एकमेकांना जोडण्याची गरज वाढली आणि इन्फिनिबँडला सोन्याचे दिवस आले. कागदावर सर्वांचे असलेले मानक व्यवहारात जवळजवळ एकाच्या हाती आले. २००२मध्ये हात आखडता घेणारी मायक्रोसॉफ्ट आज आपल्या अझ्युर सेवेतील मोठ्या गणनांसाठी हीच तार वापरते. आणि तीच मायक्रोसॉफ्ट इंटेल, एएमडी, सिस्को, मेटा यांच्यासह २०२३मध्ये स्थापन झालेल्या ‘अल्ट्रा इथरनेट’ गटाची संस्थापक सदस्यही आहे. या गटाचे पहिले मानक जून २०२५मध्ये आले. पुन्हा मांडव पडला आहे.

अशीच आणखी एक पुनरावृत्ती ‘जेन-झेड’ची. २०१६मध्ये सुरू झालेल्या त्या गटात सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या होत्या. इंटेलच्या पुढाकाराने २०१९मध्ये ‘सीएक्सएल’ आले आणि काही वर्षांतच जेन-झेडने आपले सारे काम त्याच्या स्वाधीन केले. १९९९मध्ये दोन छावण्या एक झाल्या होत्या. इथेही शेवटी तेच घडले.

पालकांसाठी दोन शब्द

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, “सर, मुलीने नेमकं काय शिकावं? कशाला पुढे भाव राहील?” त्यांची काळजी खरी असते. शेतीच्या उत्पन्नातून किंवा निवृत्तीच्या पैशातून फी भरायची असते. २००१मध्ये मला कोणी विचारले असते, तर सात बड्या कंपन्यांची नावे पाहून मीही ‘इन्फिनिबँड शिका’ असे बेधडक सांगितले असते. दुसऱ्याच वर्षी तोंडावर पडलो असतो. ‘ते विसरा’ असे २००३मध्ये सांगितले असते, तर आज पुन्हा चुकलो असतो.

म्हणून आता मी वेगळे सांगतो. नावाच्या पाटीमागे धावू नका, पाटीखालचे तत्त्व शिका. माहिती स्मृतीतून कशी हलते, रांग कुठे साचते, एक यंत्र पडले तर दुसरे नोंद कशी सांभाळते, हे ज्या मुलीला उमगले तिला तार कोणतीही चालेल. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलांना याची उपजत जाण असते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. शब्द बदलला तरी म्हणणे तेच राहते, हे त्यांना लहानपणीच कळलेले असते.

आणि ‘अमुक कंपन्यांचा नव्या मानकाला पाठिंबा’ अशी बातमी वाचाल, तेव्हा सह्या मोजू नका. कोणी आपले यंत्र त्यावर उभे केले आणि कोणी दुष्काळाच्या वर्षीही ते सोडले नाही, ते पाहा. मिरजेची गाडीबदल घोषणेने बंद झाली नाही. मैलोन् मैल रूळ उखडून नवे टाकले गेले, तेव्हा कुठे मुंबईची गाडी बेळगावच्या फलाटाला लागली.