मनोबल, मंडाले आणि टाळेबंदी

२०२० सालच्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदीचा अंमल सुरू झाला, त्याला आता काही वर्षे लोटली आहेत, आणि एवढ्या अवधीत त्या दिवसांविषयीच्या पुष्कळ ऐकीव समजुती आपोआप विरून गेल्या. परंतु एक समजूत मात्र अद्याप ताठ उभी आहे, आणि ती लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत, इतकेच नव्हे तर चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडूनही पुनःपुन्हा ऐकू येते. ती अशी की, घरात बसून राहण्याने ज्यांची मने खचली ती मुळातच कच्च्या मनाची माणसे होत. खंबीर माणसाला चार भिंतींनी काही होत नाही. आणि या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ जो दाखला हटकून दिला जातो तो असा की, लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले, आणि या लोकांना स्वतःच्या घरात, पंख्याखाली, दोन महिने बसवले नाही! हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. परंतु ते ज्याच्या कानांवर पडते तो माणूस त्या काळात रात्ररात्र जागा राहिलेला असेल, तर तो तेथेच तोंड मिटतो आणि पुढे वर्षानुवर्षे ते मिटलेलेच ठेवतो. या समजुतीने केलेले नुकसान मोठे आहे, आणि म्हणून तिची नीट तपासणी झाली पाहिजे.

लोकमान्यांचे उदाहरण प्रथम विचारात घेणे योग्य, कारण ज्या आदराने त्याचा उच्चार होतो त्या आदराला साजेसा अभ्यास त्यामागे क्वचितच असतो. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेस गेले आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्याचा खर्डा पेन्सिलीने लिहून काढला, हे सर्वश्रुत आहे. परंतु ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते स्वतःच सांगतात की, गीतेशी आपला परिचय १८७२ सालचा, वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखवण्याच्या निमित्ताने झालेला. म्हणजे मंडालेत कागदावर उतरले ते तीन तपांहून अधिक काळ मनात घोळत आलेले चिंतन होते, कोंडवाड्यातून अकस्मात उगवलेले फळ नव्हे. त्यांना पुस्तके मागवण्याची मुभा होती, स्वयंपाकापाण्यासाठी एक कैदी दिलेला होता, आणि शिक्षेची मुदत किती हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. इतके असूनही त्या वर्षांनी त्यांना काही इजा केली नाही असे कोणास म्हणता येईल? १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या तेव्हा ते मंडालेतच होते; अखेरचे दर्शनही घडले नाही. धुळ्याच्या तुरुंगाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे, विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली. ती ऐकण्यासाठी समोर सहबंदी बसलेले असत, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. तो ग्रंथ संगतीतून जन्मला, एकटेपणातून नव्हे. तुरुंगातील थोर वाङ्मयाचा दाखला द्यावयाचाच असेल तर तो हेच सिद्ध करतो की, बंदिवासात माणसाला नियत कार्य, ग्रंथ, श्रोते आणि सुटकेची ठरलेली तारीख मिळाली तर त्याची बुद्धी तग धरते. टाळेबंदीत यांपैकी नेमके कोणाला काय मिळाले, हा प्रश्न मग विचारावाच लागतो.

आता खंबीरपणाचा मुद्दा. मॉस्को येथील एका संस्थेत जून २०१० ते नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस सहा पुरुषांना एका बंद यानसदृश वास्तूत ठेवण्यात आले होते. मंगळाच्या प्रवासाची ती रंगीत तालीम होती आणि तिचे नाव 'मार्स-५००'. हे सहाही जण स्वेच्छेने आलेले, शरीराने व मनाने कसून पारखून घेतलेले, प्रशिक्षित, आपल्या कामाचे महत्त्व जाणणारे. त्यांना आजाराची भीती नव्हती आणि पगाराची विवंचना नव्हती. तरीही २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे आढळले की, दिवस जातील तसतशी त्यांची हालचाल मंदावत गेली, झोपेत आणि नुसते पडून राहण्यात अधिकाधिक वेळ जाऊ लागला, आणि बहुतेकांच्या झोपेची प्रत, सावधपणा किंवा झोपण्या-उठण्याचे चक्र यांपैकी काही ना काही बिघडले. एकामध्ये तर सौम्य नैराश्याची लक्षणे जवळजवळ प्रत्येक आठवड्याच्या चाचणीत दिसली. निवडक माणसांतल्या निवडक माणसांची ही अवस्था झाली असेल, तर ठाण्याच्या एखाद्या चाळीतील कारकुनाने किंवा वसतिगृहात अडकून पडलेल्या लातूरच्या विद्यार्थिनीने अविचल राहावे ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

याहून मूलगामी प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे साथीच्या आधीच झाला होता आणि त्याचे निष्कर्ष २०२० अखेरीस 'नेचर न्यूरोसायन्स' या नियतकालिकात आले. चाळीस निरोगी माणसांना एके दिवशी दहा तास अन्नावाचून आणि दुसऱ्या एके दिवशी दहा तास मनुष्यसंगतीवाचून, फोनदेखील न देता, ठेवले. नंतर मेंदूचे चित्रण केले. भुकेलेल्यांना अन्नाची चित्रे दाखवल्यावर मध्यमेंदूचा जो भाग उद्दीपित झाला, तोच भाग एकट्या ठेवलेल्यांना माणसे एकत्र जमल्याची चित्रे दाखवल्यावर उद्दीपित झाला. संगतीची ओढ ही भुकेसारखीच शरीराची मागणी आहे, एवढाच याचा अर्थ, आणि तो पुरेसा आहे. उपवासाने पोटात कालवाकालव झाली म्हणून कोणी कोणास कच्च्या मनाचा म्हणत नाही.

मग एकाच आळीतील दोन घरांपैकी एकात माणसे खचली आणि दुसऱ्यात निभावून गेली, ते कशामुळे? याचे उत्तर साथ युरोपात पसरण्याच्या सुमारासच हाती होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी सार्स, इबोला आदी पूर्वीच्या साथींतील विलगीकरणावरचे २४ अभ्यास एकत्र तपासून २६ फेब्रुवारी २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये आढावा प्रसिद्ध केला. मनावर आघात करणारी जी कारणे त्यात पुढे आली ती अशी: मुदत लांबणे, लागण होण्याची भीती, कंटाळा व चिडचिड, जिनसांचा तुटवडा, अपुरी किंवा उलटसुलट माहिती, आणि मागाहून छळणारी आर्थिक हानी व समाजाने ठेवलेला बट्टा. या यादीत माणसाच्या स्वभावाहून त्याच्या परिस्थितीचा वाटा किती मोठा आहे हे वाचकांनी पाहावे. २००३ च्या सार्स-साथीत टोरांटो येथे विलग राहिलेल्या १२९ जणांच्या पाहणीत सुमारे २९ टक्क्यांत आघातोत्तर तणावाची आणि ३१ टक्क्यांत नैराश्याची लक्षणे आढळली होती. आणि त्यांतही, जितके दिवस अधिक तितकी लक्षणे अधिक.

हीच फूटपट्टी आपल्याकडे लावून पाहावी. २४ मार्चच्या रात्री एकवीस दिवसांचा हुकूम झाला. मग मुदत ३ मेपर्यंत, मग १७ मेपर्यंत, मग ३१ मेपर्यंत वाढत गेली. ही मुदतवाढ साथीच्या दृष्टीने आवश्यक होती की नव्हती हा निराळा वाद आहे आणि त्यात मी शिरत नाही. परंतु ठरलेली तारीख पुढे सरकली की थांबण्याचे बळ ओसरते, हे त्या आढाव्यात आधीच नमूद होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहतात. तेथे 'घरी बसा' या आज्ञेचा अर्थ एकटेपणा असा नसून, कधीही एकटे न होता येणे असा होतो, आणि ज्या घरात हात उगारणारा मनुष्य आहे तेथे त्याचा अर्थ याहूनही भयंकर. रोजंदारी बुडालेल्यांची तर गोष्टच वेगळी. जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. त्यांच्या घरच्यांना मन रमवण्याचे उपाय कोण सांगणार?

व्यापक आकडेही हेच सांगतात. २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात नैराश्यविकाराच्या रुग्णांत जगभर सुमारे ५ कोटी ३० लाखांची, तर चिंताविकाराच्या रुग्णांत ७ कोटी ६० लाखांची भर पडली, आणि स्त्रिया व तरुण यांच्यात ती अधिक होती. साऱ्या जगातील तरुण एकाच वर्षी अचानक नेभळट झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी तसे स्पष्ट म्हणावे.

किरकोळ गैरसमजांचा परामर्श थोडक्यात घेतो. 'दिवसभर बातम्या ऐकल्या तर माणूस सावध राहतो': जागतिक आरोग्य संघटनेने १८ मार्च २०२० लाच सांगितले होते की बातम्या ठरावीक वेळी, दिवसातून एकदोनदाच घ्याव्यात. 'सर्वांत हाल म्हाताऱ्यांच्या मनाचे': अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये झालेल्या पाहणीत वयस्कांची मनःस्थिती तरुणांहून बरी आढळली. 'मुलांना काही कळत नसते': ती बोलून दाखवत नाहीत एवढेच, आईला चिकटून राहणे, अंथरूण ओले करणे, उगाच चिडणे ही त्यांची भाषा असते. 'घोटभर दारूने झोप लागते': लागते खरी, पण उत्तररात्री मोडते; आणि जो दीर्घकाळ व्यसनाधीन आहे त्याची दारू एकाएकी तुटली तर झटके व भ्रम यांचा जीवघेणा धोका असतो, म्हणून त्याला निर्धाराचे उपदेश करण्याऐवजी दवाखान्यात न्यावे. 'नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागते': त्यांचे व्यसन लागत नाही, मात्र त्या वैद्यांना न विचारता अचानक बंद करू नयेत. 'टाळेबंदी होताच जगभर आत्महत्या वाढल्या': २१ देशांच्या पहिल्या काही महिन्यांच्या नोंदींत तशी वाढ दिसली नाही, आपल्याकडे मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या दफ्तरी २०१९ चा १,३९,१२३ हा आकडा २०२० मध्ये १,५३,०५२ झाला, तेव्हा जगावरून देशाचा किंवा देशावरून जगाचा निष्कर्ष काढू नये.

आणि 'नुसत्या फोनवर बोलून काय होणार?' या प्रश्नाला मात्र एका ओळीहून अधिक जागा दिली पाहिजे, कारण त्याचे उत्तर आशादायक आहे. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील टेक्सास येथे, घरपोच जेवण पुरवणाऱ्या संस्थेच्या २४० लाभार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना सतरा ते तेवीस वयाच्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, केवळ थोडके शिक्षण दिलेल्या मुलामुलींनी महिनाभर नियमित फोन केले. उपदेश करावयाचा नाही, समोरच्याला ज्या विषयावर बोलावेसे वाटते त्यावर त्याला बोलू द्यावयाचे, एवढाच दंडक. महिन्याअखेरीस फोन आलेल्यांत एकटेपणा, नैराश्य आणि चिंता तिन्ही फोन न आलेल्यांपेक्षा लक्षणीय कमी झाली होती. दहा मिनिटांचे ऐकून घेणे हा इलाज आहे, आणि तो ज्याला नियमाने मिळतो त्याला तो लागू पडतो. त्याच्या जोडीला सकाळचा उजेड डोळ्यांवर येऊ देणे, उठण्याजेवण्याच्या वेळा न मोडणे, आणि घरातल्या घरात का होईना रोज अंग हलवणे यांचाही उपयोग आहे, कारण शरीरातील घड्याळ उजेडावर चालते. परंतु पंधरा दिवसांहून अधिक काळ झोप, भूक व कामातील लक्ष उडालेले असेल, तर घरगुती उपायांवर विसंबू नये.

राहता राहिली ती ही समजूत की, साथ ओसरली, दरवाजे उघडले, आता त्या दिवसांचे दुःख कोणी उगाळू नये. बीजिंगच्या एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची सार्सनंतर तीन वर्षांनी पाहणी झाली तेव्हाही, जे विलगीकरणात राहिले होते त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली होती. आपल्याकडे तर एप्रिल २०२० च्या सरकारी आदेशाने अंत्ययात्रेस विसांहून अधिक माणसे जमण्यास मनाई होती, आणि कितीएक कुटुंबांना आपल्या माणसाचे मुखही पाहता आले नाही. दहावे-तेरावे झाले नाही, कोणी भेटीस आले नाही, शोकाला जी सामाजिक वाट असते तीच बुजून गेली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत प्रदीर्घ शोकविकाराची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिने उलटून गेल्यावरही विरहवेदना तशीच तीव्र राहून नित्याचे व्यवहार अडत असतील, तर त्यास उपचार आहेत. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो, आणि तेथे मराठीतून बोलता येते.