सबवूफरचा रायझर: माल सोपा, पण आश्वासन जपून द्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण सबवूफरचा रायझर बनवताना पाहिला. व्हिडिओत मापं आणि हिशोब भराभर सांगून झाले, म्हणून इथे ते सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक किस्सा. आमच्या बॅचमधला एक फर्निचरवाला. हात चांगला, फिनिशिंग झकास. होम थिएटर बसवणाऱ्या एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने सबवूफरखाली ठेवायचे रायझर बनवले. पहिला ग्राहक चौथ्या मजल्यावरचा. याने त्याला सांगितलं, "हे लावा, खालच्या घरात आवाज जाणारच नाही." दोन दिवसांनी खालचे काका रात्री साडेदहाला पुन्हा वर आले. तिसऱ्या दिवशी रायझर परत आला आणि पैसेही परत द्यावे लागले. मला फोन करून विचारतो, "सर, माझा माल खराब होता का?"

माल ठीक होता. वाक्य चुकलं होतं. धंद्यात पैसा इथेच बुडतो.

आवाज दोन वाटांनी जातो

सबवूफर साधारण २० ते १२० हर्ट्झचा खालचा आवाज काढतो. हा आवाज शेजाऱ्याकडे दोन वाटांनी पोचतो.

पहिली वाट जमिनीची. डब्यातला कोन पुढे-मागे हलतो, त्या धक्क्याने डबा हलतो, डब्याचे पाय फरशी हलवतात. टीव्ही युनिटचा दरवाजा खडखडतो, शोकेसमधले कप वाजतात, त्यातला काही भाग या वाटेने येतो.

दुसरी वाट हवेची. कोन खोलीतली हवा दाबतो आणि ती दाबलेली हवाच स्लॅब, भिंत, खिडकी हलवते. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेआठ मीटर असते. एवढी लांब लाट पडद्याने, गालिच्याने किंवा भिंतीवर फोम चिकटवून अडत नाही.

रायझर फक्त पहिली वाट अडवतो. दुसऱ्या वाटेवर त्याचा काहीही इलाज नाही.

म्हणून घर कसलं आहे ते आधी बघा. जुन्या घरातली लाकडी तक्तपोशीची माडी, दुकानातला लाकडी पोटमाळा, परदेशातली लाकडी मजल्यांची घरं, इथे जमीन हलकी असते, पटकन थरथरते. तिथे रायझरचा फरक चांगला जाणवतो. आपल्या आरसीसी स्लॅबच्या फ्लॅटमध्ये स्लॅब मुळातच जड. सबवूफरच्या पायांनी तो फारसा हलत नाही, खाली जातो तो बहुतेक हवेचा आवाज. आमच्या मित्राचा ग्राहक नेमका अशाच फ्लॅटमधला होता.

फोम किती दबायला हवा?

अनेकजण "रबर लावलं की झालं" म्हणतात. तसं नाही. रायझर म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेलं वजन. अशा प्रत्येक जोडीची स्वतःची एक डोलण्याची गती असते. आवाजाची गती त्या गतीच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेली की अडवणं सुरू होतं. तीन पट असेल तर जमिनीवर जाणारा धक्का साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. पण दोन्ही गती सारख्या झाल्या तर धक्का कमी व्हायच्या ऐवजी वाढतो!

ही गती काढायला यंत्र लागत नाही, फूटपट्टी पुरते. वजन ठेवल्यावर फोम किती मिलिमीटर दबला ते मोजा. १५.८ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये.

- कडक रबर ०.३ मिमी दबलं: सुमारे २९ हर्ट्झ
- १ मिमी दबलं: सुमारे १६ हर्ट्झ
- ४ मिमी दबलं: सुमारे ८ हर्ट्झ
- ९ मिमी दबलं: सुमारे ५ हर्ट्झ

पहिली ओळ पुन्हा वाचा. सिनेमातला दणका २५-३० हर्ट्झच्या आसपास येतो. कडक रबराचा रायझर नेमका तिथेच डोलतो, म्हणजे ग्राहकाने पैसे देऊन धक्का वाढवून घेतला. टोकदार स्पाइकचंही तसंच. स्पाइक डब्याला जमिनीशी घट्ट जोडतो, वेगळं करत नाही.

आणखी एक. फोम नुसता दबताना मऊ वाटतो, पण थरथरताना थोडा कडक वागतो. त्यामुळे खरा आकडा गणितापेक्षा जास्त येतो. म्हणून ५ सेंटीमीटर जाडीचा फोम वजनाखाली ५ ते १० मिमी दबेल असा निवडा. गादीचा अगदी मऊ फोम घेतलात तर तो पार चपटा होतो, आणि चपटा झालेला फोम म्हणजे फळीच.

बनवायचं कसं?

१. वरची फळी: १८ मिमी एमडीएफचे दोन तुकडे फेविकॉलने एकावर एक चिकटवा. फळी जड असली तर डबा कमी हलतो. ४० सेंटीमीटर चौरसाच्या दोन तुकड्यांचं वजन सव्वाचार किलोच्या आसपास भरतं.

२. फोमचे चार ठोकळे: समजा सबवूफर १६ किलोचा. फळी धरून २० किलो, म्हणजे एका ठोकळ्यावर ५ किलो. १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापा, त्यावर लहान पाट ठेवून एक-एक लिटरच्या पाण्याच्या पाच भरलेल्या बाटल्या ठेवा आणि दबलेलं मोजा. कमी दबला तर तुकडा लहान करा, जास्त दबला तर मोठा. फोमवाल्याकडून दोन-तीन डेन्सिटीचे तुकडे आणा आणि हा प्रयोग घरीच करा.

३. ठोकळे कोपऱ्यांजवळ लावा. मध्यभागी लावले तर डबा डुलतो, घरात लहान मूल असेल तर उलथू शकतो. सबवूफर एका बाजूला जड असेल तर त्या बाजूचे ठोकळे थोडे मोठे घ्या. शेवटी पाणसळ लावून तपासा.

४. फोम वेल्क्रोने लावा, कायमचा चिकटवू नका. फोम काही काळाने बसतो, तेव्हा नुसते ठोकळे बदलून देता येतात. ग्राहकाचा खर्च वाचतो आणि तुम्हाला पुन्हा ऑर्डर मिळते.

५. खाली घसरू नये म्हणून पातळ अँटी-स्लिप मॅट लावा. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर हे विसरू नका.

६. वरच्या फळीतून खाली जमिनीपर्यंत एकही स्क्रू जाता कामा नये. बाजूने शोभेची पट्टी लावणार असाल तर वजन ठेवल्यावरही ती फरशीपासून १० मिमी वर राहायला हवी. एक पट्टी टेकली तरी सगळा धक्का तिच्यातून खाली जातो, फोम असून नसल्यासारखा.

७. एमडीएफच्या कडा सील करा. पावसाळ्यात उघडी कड ओल धरते आणि फुगते. कोकणात, गोव्यात माल देणार असाल तर सरळ चांगला वॉटरप्रूफ प्लाय वापरा.

ऑर्डर घेताना दोन गोष्टी विचारा. सबवूफरचा स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून आहे का? असेल तर त्याचे मूळ पाय काढायचे नाहीत, फळी पूर्ण सपाट हवी. आणि रायझरमुळे उंची आठ-नऊ सेंटीमीटर वाढेल, तेवढी जागा आहे का?

शीटचा हिशोब: पाच सेंटीमीटरची किंमत

आठ बाय चार फुटांची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. करवतीच्या प्रत्येक कापात ३ मिमी जातात असं धरा. ४० सेंटीमीटरचे तुकडे काढले तर लांबीत ६ आणि रुंदीत ३, एकूण १८. म्हणजे ९ रायझर. ४५ सेंटीमीटरचे काढले तर लांबीत ५, रुंदीत २, एकूण फक्त १०. म्हणजे ५ रायझर! उरतो तो सुमारे एक फूट रुंदीचा लांब पट्टा, तो दुसऱ्या कामाला येईल तेव्हा येईल.

आता रुपयांत बघू. खालचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. शीट २,१६० रुपयांना पडली तर छोट्या रायझरला लाकूड २४० रुपयांचं, मोठ्याला ४३२ चं.

छोटा रायझर: लाकूड २४०, फोम १६०, वरचं कापड किंवा लॅमिनेट १५०, फेविकॉल-वेल्क्रो-मॅट ७०, कटिंग आणि मजुरी २८०, पॅकिंग १००. एकूण १,०००. विकला १,६०० ला. हातात ६००.

मोठा रायझर त्याच भावात विकलात तर बाकी खर्च तोच धरूनही हातात ४०८ राहतात. नफ्याचा तिसरा हिस्सा नुसत्या मापात गेला. म्हणून ४० सेंटीमीटर हा स्टँडर्ड साइज ठेवा आणि मोठ्याचा दर वेगळा लावा.

आणि परत आलेला पीस? तो १,००० रुपयांचा माल वापरलेला, डाग पडलेला. वर पेट्रोल आणि अर्धा दिवस. म्हणजे जवळजवळ दोन पीसचा नफा एका चुकीच्या वाक्याने खाल्ला.

विकण्याआधी पाच मिनिटांची टेस्ट

ग्राहकाच्या घरी जाताना सोफ्याच्या बैठकीचा जाड फोम आणि एक फळी सोबत न्या. एखाद्या सिनेमातला दणक्याचा प्रसंग लावा. आधी सबवूफर फरशीवर, मग तोच फोमवर, आवाजाचं बटण न हलवता. डबा हाताने धरून ठेवा. ग्राहकाला खालच्या घरी उभं राहून ऐकू द्या, तोपर्यंत तुम्ही वर बदल करा.

फरक पडला तर रायझर विका. नाही पडला तर विकू नका, सरळ सांगा, "साहेब, तुमचा आवाज हवेतून जातोय, माझ्या रायझरने तो थांबणार नाही." मग दोन फुकटचे उपाय द्या: सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा, कारण कोपऱ्यात बास फुगतो, आणि रात्री सबवूफरची लेव्हल खाली घ्या. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल.

मोबाइलच्या डेसिबल ॲपवर मात्र विसंबू नका. ही मोजणी सहसा माणसाच्या कानाप्रमाणे ए-वेटिंगने होते, त्यात ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. ॲप शांत दिसतं आणि खालच्या काकांची खिडकी थरथरत असते.

आमच्या फर्निचरवाल्या मित्राने आता बिलावर एकच ओळ छापली आहे: "फर्निचर आणि जमिनीचा थरथराट कमी करण्यासाठी. हवेतून जाणारा आवाज थांबत नाही." काही ग्राहक ही ओळ वाचून घेत नाहीत. पण जे घेतात, त्यांच्याकडून माल परत येत नाही. आणि ज्याला त्याने "तुम्हाला गरज नाही" सांगितलं, त्यानेच पुढे टीव्ही युनिटचं काम दिलं.

या आठवड्याचं होमवर्क

फोमचे तीन वेगवेगळे तुकडे आणा, बाटल्या ठेवा, दबलेलं मोजा, हर्ट्झ काढा. मग तुमच्या गावचे भाव घालून एका पीसचा खर्च लिहा. आणि शेवटी, तुमचा सध्याचा कोणताही माल असो, तो काय करत नाही हे एका ओळीत लिहून बिलावर टाका. ती ओळ लिहिताना हात थांबला, तर तिथेच तुमचा पुढचा परत येणारा पीस आहे असं समजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!