बेट ठरविण्यापूर्वी दिनदर्शिका उघडा

बँकेत असताना कर्जाचा अर्ज समोर आला की मी प्रथम परतफेडीच्या तारखांचे पान पाहत असे. रक्कम, तारण, हेतू हे सर्व नंतर. सुटीसाठी युरोपातील बेट निवडताना मात्र ही सवय मी विसरलो आणि त्याची किंमत माझ्या जावयांना मोजावी लागली.

जावयांचे कापडाचे दुकान आहे. लग्नसराई आणि दिवाळी वगळली, तर मालकाला गल्ला सोडता येईल असे दिवस वर्षात फार थोडे उरतात. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत त्यांनी सलग आठ दिवस दुकान कधी सोडले नव्हते. काही वर्षांपूर्वी भाऊबीजेनंतरचा आठवडा त्यांनी मोकळा केला आणि ‘बाबा, तुम्ही सांगाल तेथे जाऊ’ असे म्हणून निवड माझ्यावर सोपविली. मी एका प्रवास-संयोजकाकडे गेलो. त्याच्या भिंतीवर एजियन समुद्रातील एका लहानशा ग्रीक बेटाचे चित्र होते : पांढरी घरे, निळे घुमट आणि पायथ्याशी निळाशार समुद्र. त्या चित्रावरच सौदा झाला.

आम्ही पोहोचलो तो नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. बहुतेक हॉटेले आणि खानावळी ऑक्टोबरअखेर कुलूपबंद झाल्या होत्या. वारा असा की दोन दिवस फेरीबोट सुटलीच नाही. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे नेतात, त्यामुळे सव्वापाचच्या सुमारासच सूर्य मावळे. माझ्या मुलीचे रात्रिभोजन-त्यागाचे व्रत आहे आणि उघडी असलेली एकमेव खानावळ सायंकाळी सातला चूल पेटवीत असे. तिने ते दिवस खाखरा, खजूर आणि केळी यांवर काढले. नातवाने समुद्र बहुतांशी खिडकीतूनच पाहिला. परतताना जावई एवढेच म्हणाले, ‘बाबा, यापेक्षा दुकान बरे.’ संयोजकाने पैसे वेळेवर घेतले होते, हंगाम संपल्याचे सांगावयास मात्र तो विसरला होता. तरीही विचारले नाही ही चूक माझीच.

त्यानंतर निवृत्तीच्या मोकळ्या वेळात मी या विषयाचा जमाखर्च नीट मांडला. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट अशी की युरोपातील प्रत्येक बेटाला सूर्य आहे, पण प्रत्येकाचा हंगाम वेगळा आहे. म्हणून प्रथम आपल्या घराला कोणते आठ दिवस मिळतात ते ठरवावे आणि मग त्या दिवसांत कोणते बेट जागे असते ते पाहावे. आपण बहुधा नेमके याच्या उलट करतो.

आपली मोठी सुटी मे महिन्याची. मे महिन्यात भूमध्य समुद्रावर ऊन लख्ख असते, परंतु पाणी हवेपेक्षा फार उशिरा तापते. स्पेनच्या मायोर्का बेटाभोवती मे महिन्यात पाण्याचे तापमान १८ अंशांच्या आसपास असते, ऑगस्टमध्ये तेच २५–२६ अंशांवर जाते. ग्रीसच्या क्रीट बेटाभोवती मे महिन्यात ते १९–२० अंश असते. उत्तर युरोपातील माणसाला २० अंशांचे पाणी सुखद वाटते आणि तेथील माहितीपत्रके त्याच्यासाठीच लिहिलेली असतात. आपण गोव्याच्या २८–३० अंशांच्या पाण्यात डुंबणारे. आपली नातवंडे २० अंशांत पाय घालतील आणि किंचाळत टॉवेलाकडे पळतील.

जुलै-ऑगस्ट या महिन्यांत पाणी उत्तम असते, पण त्याच वेळी सारा युरोप सुटीवर निघालेला असतो. दर चढतात आणि खोल्या मिळत नाहीत. एजियन समुद्रात याच सुमारास ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेकडचा कोरडा वारा दिवसेंदिवस वाहतो, किनाऱ्यावर वाळू उडते आणि छत्र्या टिकत नाहीत. शिवाय आपल्याकडे चातुर्मास असतो, तेव्हा अनेक घरांतून प्रवास टाळला जातो. म्हणजे आपल्यासाठी उरतात ते जूनचे पहिले पंधरा दिवस, दिवाळीनंतरचा काळ आणि नाताळ.

जूनच्या प्रारंभासाठी माझे मत सायप्रसला आहे. हे बेट भूगोलाने आशियात आणि कारभाराने युरोपात आहे. २००४ पासून ते युरोपीय संघाचे सदस्य आहे. पूर्व भूमध्यसागराच्या टोकाला असल्यामुळे येथील पाणी लवकर तापते आणि उशिरा निवते. जूनच्या आरंभी ते २३ अंशांच्या आसपास असते, ऑक्टोबरातही २५ पर्यंत राहते. प्रोतारास येथील फिग ट्री बे आणि आया नापाचा निसी किनारा हे दोन्ही उथळ आणि बारीक वाळूचे आहेत, लहान मुलांसाठी निर्धास्त. १८७८ पासून १९६० पर्यंत येथे इंग्रजांचा अंमल होता. त्यामुळे इंग्रजी सर्वत्र चालते आणि वाहने डाव्या बाजूने धावतात. भाड्याची गाडी स्वतः चालविणाऱ्यांना याचे मोल कळेल. एक सावधगिरी मात्र हवी. १९७४ पासून बेट दुभंगलेले आहे, तेव्हा प्रवेश लार्नाका किंवा पाफोस येथील विमानतळावरूनच करावा. व्हिसाचे नियम शेंगेन क्षेत्राच्या नियमांसारखेच असतील असे गृहीत धरू नये, त्या त्या वेळी दूतावासाकडे विचारावे.

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट, पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब. एलाफोनिसीची गुलाबी वाळू व उथळ पाणी आणि क्नोसोसचा प्राचीन राजवाडा एकाच प्रवासात पाहता येतात, पण अंतरे फसवी आहेत. एकाच हॉटेलात राहून सारे बेट पाहण्याचा हट्ट धरू नये. सांतोरिनीविषयी मला थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. ज्या चित्राने मी फसलो त्या जातीची सर्वाधिक चित्रे याच बेटाची असतात. ज्वालामुखीच्या कड्यावरील ती पांढरी गावे नेत्रसुखद आहेत यात शंका नाही, परंतु कड्याखाली पुळण नाही. किनारे बेटाच्या दुसऱ्या बाजूस, कामारी आणि पेरिसा येथे, आणि तेथील वाळू काळी, दुपारी तव्यासारखी तापणारी. पायऱ्या असंख्य. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना तेथे नेऊन आपण काय साधतो ? माल्टा इतिहासप्रेमींसाठी उत्तम, पण ते चुनखडीच्या खडकांचे बेट आहे. वाळूचे किनारे मोजकेच आहेत, त्यांपैकी मेलिएहा उपसागराचा मोठा.

नाताळाच्या सुटीत भूमध्य समुद्राचा विचारच सोडून द्यावा आणि स्पेनच्या कॅनरी बेटांकडे पाहावे. ही बेटे अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, सुमारे २८ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आपल्या दिल्लीच्याच पट्ट्यात आहेत. डिसेंबरातही दिवसाचे तापमान २०–२२ अंश, पाणी १९–२० अंश. डुंबण्यास थोडे गार, पण उन्हात बसण्यास अप्रतिम. तेनेरिफे बेटाच्या मध्यभागी तेइदे हा ३,७१५ मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत उभा आहे. ईशान्येचे वारे ढग आणून उत्तर उतारावर अडवितात, म्हणून उत्तर भाग हिरवा व ढगाळ आणि दक्षिण भाग कोरडा व उन्हाचा. हॉटेल दक्षिणेत घ्यावे. ही एक ओळ लक्षात ठेवली तरी निम्मे काम झाले. ग्रान कॅनारियाच्या दक्षिण टोकाला मास्पालोमास येथे समुद्रालगत वाळूच्या टेकड्या आहेत. फुएर्तेव्हेंतुरा किनाऱ्यांसाठी श्रेष्ठ, पण वाऱ्याचे.

या बेटांची एक हकीकत व्यापारी कुटुंबांना विशेष रुचेल. १८५२ साली स्पेनने येथील बंदरे मुक्त बंदरे केली, जकातीचा जाच कमी झाला. पुढे आगबोटी कोळसा भरण्यास लास पाल्मास आणि सांता क्रुझ येथे थांबू लागल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंधमधील हैदराबादचे व्यापारी रेशीम आणि नक्षीकामाच्या वस्तू घेऊन येथे उतरले. माल्टातही त्याच सुमारास त्यांच्या पेढ्या उघडल्या. आज दोन्ही ठिकाणी त्यांचे वंशज दुकाने चालवीत आहेत. कॅनरी बेटांवर मुख्य स्पेनमधील २१ टक्क्यांच्या मूल्यवर्धित कराऐवजी ७ टक्क्यांचा स्थानिक कर आहे, हा त्या जुन्या सवलतींचाच वारसा. निवृत्त बँकवाल्याला अशा गोष्टी ज्वालामुखीपेक्षा अधिक रमवितात, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

आता अन्नाविषयी, कारण आपली सुटी येथेच अडते. ग्रीस आणि सायप्रसमध्ये ख्रिस्ती उपवासाचे पदार्थ ‘निस्तीसिमो’ म्हणून ओळखले जातात. त्यांत मांस, अंडी, दूध नसते, परंतु कोळंबी आणि शिंपले चालतात, म्हणून शब्दावर विसंबू नये. सायप्रसची चवळी आणि दुधीसारख्या भाजीची ‘लूवी’ ऑलिव्ह तेल व लिंबू घालून देतात, ती आपल्याला आवडेल. कांदा-लसूण न घालण्यास आधी सांगावे. चीजमध्ये अनेकदा प्राण्यांच्या जठरातील विरजण असते, नीट विचारून घ्यावे. ग्रीक गोड पदार्थांत मध असतो. मायोर्काच्या ‘एन्साइमादा’ या गोड पावात डुकराची चरबी असते, त्याचे नावच त्या चरबीवरून आले आहे. कॅनरीचे सुप्रसिद्ध खारे बटाटे कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांना निरुपयोगी. माझा सल्ला असा की हॉटेलाऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. मात्र तूप, खवा, पनीर भारतातून नेऊ नये, दुग्धजन्य पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात आणता येत नाहीत. फळांपैकी केळी, नारळ, खजूर, अननस चालतात, इतर फळांना प्रमाणपत्र लागते. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्ताची वेळ हॉटेलाच्या दराइतक्याच काटेकोरपणे पाहावी. जूनमध्ये मायोर्कात सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, सायप्रसमध्ये आठच्या सुमारास, डिसेंबरात तेनेरिफेत सव्वासहाला. स्पेनमध्ये रात्रीचे जेवणच आठनंतर मिळते, म्हणून तेथे हिवाळ्यात सदनिकेला पर्याय नाही.

पैशाविषयी दोनच गोष्टी. कार्डाचे यंत्र ‘रुपये की युरो’ असे विचारील तेव्हा नेहमी युरो निवडावा. रुपयाचा पर्याय सोयीचा दिसतो, पण त्यातील विनिमयदर दुकानदाराच्या बँकेच्या फायद्याचा असतो. दुसरे, परदेश सहलीवर कापलेला उगमस्थानी संकलित कर हा खर्च नव्हे. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यासाठी पावती जपावी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

यंदा मी दिनदर्शिका घेऊन जावयांकडे गेलो, चित्र नेले नाही. लग्नाचे मुहूर्त ओसरलेले, नातवाची शाळा उघडण्यास अवकाश, आषाढ अजून दूर, असे जूनचे पहिले दिवस आम्ही दोघांनी मिळून खुणावले. प्रोतारासला दोन शयनगृहांची, स्वयंपाकघर असलेली सदनिका पाहून ठेवली आहे. मुलीने सूर्यास्ताची वेळ स्वतः तपासली आणि मान डोलावली. जावयांनी एकच हरकत घेतली, दहा दिवस फार होतात. आठांवर तडजोड झाली.