सी.बी.टी. म्हणजे काय? मनातल्या विचारांची तपासणी



झोप लागत नाही, छाती धडधडते, कशातच मन रमत नाही, अशी तक्रार घेऊन इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे गेले, की गोळीबरोबर किंवा गोळीऐवजी आता 'टॉकिंग थेरपीज'चे नाव निघते. आपल्या वयाची मंडळी ते ऐकून गप्प बसतात. मनाचा डॉक्टर म्हटले की आपल्याला अजून ठाण्याचे नाहीतर येरवड्याचे इस्पितळच आठवते. म्हणून हा उपचार काय आहे, ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

याचे पूर्ण नाव कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. विचार आणि वागणूक यांवरचा उपचार, असा त्याचा अर्थ. तो रचणारे डॉ. एरन बेक (आपण अहरोन म्हणू) १९२१ साली अमेरिकेत, रशियाकडून आलेल्या यहुदी आईबापांच्या पोटी जन्मले आणि शंभर वर्षे जगले. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात खिन्न रोग्यांवर उपचार करताना त्यांना आढळले की या माणसांच्या मनात काही वाक्ये आपोआप उमटतात, आणि ती खरी आहेत की नाहीत हे कोणी पाहतच नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकातच जवळची वाट धरली होती; तेही यहुदी घराण्यातले. त्यांचे विचार मुंबईच्या किशोर फडके यांनी मराठीत आणले.

समजा, एकट्या राहणाऱ्या एका बाईंचा मुलगा दर रविवारी फोन करतो. या रविवारी केला नाही. बाईंच्या मनात येते, "मी त्याला नकोशी झाले." मग जेवण जात नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तरी त्या तुटक बोलतात, तोही लवकर ठेवतो, आणि बाईंना वाटते, पाहा, खरेच निघाले! प्रसंग, विचार, भावना, शरीर आणि वागणूक ही अशी एकमेकांना ओढतात.

येथे वही लागते. (शिक्षकांना हा भाग आवडेल.) प्रसंग काय घडला, मनात कोणते वाक्य आले, दुःख शंभरात किती, वाक्याच्या बाजूने पुरावा कोणता, विरुद्ध कोणता, आता पाहता काय म्हणता येईल. पुराव्यात फक्त घडलेले लिहायचे, वाटलेले नाही. "गेल्या रविवारी अर्धा तास बोलला", "दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीच्या कामात तो अडकला आहे" हे पुरावे. "आईच्या मनाला कळते" हा पुरावा नव्हे. शेवटी लिहायचे वाक्य गोड असायची गरज नाही, ते खरे असावे. "फोन का आला नाही हे मला ठाऊक नाही, मी विचारू शकते," एवढे पुरते. मग पुन्हा दुःख किती ते लिहायचे. शंभराचे शून्य होत नाही. सत्तरचे चाळीस झाले तरी जेवण जाते.

दुसरे अंग वागणुकीचे. मन खिन्न असले की माणूस म्हणतो, बरे वाटले की बाहेर पडेन. सी.बी.टी. उलटे सांगते: आधी ठरलेले छोटे काम करा, मन मागाहून येते. रोज अंघोळ करून बाहेरचे कपडे घालणे, जुन्या शेजारणीला फोन करणे, नातीला चिकाचा हलवा शिकवणे, हे दिवस व वेळ लिहून ठरवायचे.

भीतीचेही तसेच. एकदा पडल्यावर घराबाहेर न पडणारे आपल्यात कितीतरी आहेत. न जाण्याने भीती त्या दिवसापुरती शमते, पण वाढते, आणि पायांची ताकदही जाते. प्रथम पाय, डोळे, रक्तदाब डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मग पायऱ्या: आधी फाटकापर्यंत, तेथे भीती उतरेपर्यंत थांबायचे, असे अनेक दिवस, मग कोपऱ्यावरचे दुकान, मग बस. एका दिवसात बसपर्यंत नेणारा हितचिंतक नको.

काळजी सुटतच नसेल, तर संध्याकाळची वीस मिनिटे तिला नेमून द्यावीत आणि इतर वेळी आलेली काळजी चिठ्ठीवर लिहून त्या वेळेसाठी ठेवावी. ऐकायला हे पोरकट वाटते, पण संध्याकाळपर्यंत पुष्कळ चिठ्ठ्या निकामी झालेल्या असतात.

मात्र जोडीदार गेल्याचे दुःख हा चुकीचा विचार नव्हे. त्याची उलटतपासणी कोणी करू नये. विसरभोळेपणा वाढत असेल तर डॉक्टरच गाठावा. जगणे नको असे मनात येत असेल, तर इंग्लंडमध्ये १११ला फोन करून २ दाबावे. जिवाला धोका असेल तर ९९९.

इंग्लंडमध्ये ही सरकारी सेवा २००८ साली सुरू झाली. ती फुकट आहे, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव देता येते. पासष्टीपुढची माणसे तेथे कमी जातात, पण जी जातात त्यांच्यात बरे होणाऱ्यांचे प्रमाण तरुणांपेक्षा जास्त आहे. इस्राएलमधल्या वाचकांनी आपल्या कुपत खोलीममध्ये विचारावे. भारतात टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

इंग्रजी अडत असेल तर नाव देतानाच मराठी दुभाषा मागावा. नातवाला दुभाषा म्हणून नेऊ नये. त्याच्यासमोर आपण मनातले अर्धेच बोलतो, आणि त्याच्या वडिलांविषयीचे तर मुळीच नाही.