पानांची जुळणी, लेखांक ७ : मंदावत जाणारी फाइल

मागच्या लेखांकात अचानक बंद पडणाऱ्या इनडिझाइनचा विचार केला. या वेळचं दुखणं जास्त फसवं आहे, कारण ते दर आठवड्याला थोडं थोडं वाढतं. दिवाळी अंकाची पानं लावायला सुरुवात होते तेव्हा सगळं झरझर चालतं. अंक छपाईला जायच्या सुमारास टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायची वाट पाहावी लागते. मग रॅम वाढवायची किंवा नवा संगणक घ्यायची चर्चा सुरू होते. पण त्या तीन-चार महिन्यांत रॅम काही कमी झालेली नसते. वाढलेली असते ती फाइल. म्हणून संशयाची सुई आधी तिच्याकडे वळायला हवी.

हा संशय पडताळणं सोपं आहे. त्याच संगणकावर कोरी फाइल उघडून दोन-चार पानं मजकूर ओतावा. ती सुरळीत चालली, तर दोष जुन्या फाइलचा. तीही रखडली, तर मात्र संगणकाकडे बघावं: मुख्य डिस्क भरत आली आहे का, शेकडो फाँट एकाच वेळी चालू आहेत का, प्रेफरन्सेस बिघडल्या आहेत का. विंडोजवर इनडिझाइन सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरले की प्रेफरन्सेस मूळपदावर आणता येतात.

फाइल जड का होते, याचं एक कारण सेव्ह करण्याच्या पद्धतीत आहे. नेहमीच्या सेव्हमध्ये इनडिझाइन दर वेळी सगळी फाइल नव्याने लिहीत नाही. बदल जुन्या नोंदींना जोडत जातं. दुकानाच्या वहीत आधीची नोंद न खोडता खाली नवी लिहीत जावं, तसं. काढून टाकलेल्या मजकुराची जागाही त्यामुळे अडून राहते. ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं की फाइल पहिल्यापासून लिहिली जाते आणि तिचा आकार घटतो. गेल्या वर्षीचा अंक उघडून, मजकूर पुसून त्यातच नवा अंक लावायची सवय असेल, तर न वापरलेल्या स्टाइल, रंग आणि वर्डमधून आलेलं सामान वर्षानुवर्षं सोबत येतं. ते मात्र ‘सेव्ह अ‍ॅज’ने जात नाही, संबंधित पॅनेलमध्ये ‘सिलेक्ट ऑल अनयूज्ड’ निवडून हातानेच काढावं लागतं.

एवढ्याने भागलं नाही, तर फाइल आयडीएमएल स्वरूपात एक्स्पोर्ट करून पुन्हा उघडावी. २००८च्या सीएस४ आवृत्तीपासून ही सोय आहे. आयडीएमएल म्हणजे दस्तऐवजाचं एक्सएमएलमधलं वर्णन. त्यावरून फाइल नव्याने उभी राहते आणि आतले बरेचसे बारीक बिघाड मागे राहतात. यात ओळी सरकतील ही मांडणीकारांची भीती निराधार नाही, विशेषतः इनडिझाइनची आवृत्ती बदलली तर. त्यासाठी आधीची आणि नंतरची पीडीएफ काढून पानं ताडून पाहावीत, आणि मूळ फाइल जपून ठेवावी. अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री हा प्रयोग करू नये.

रॅम वाढवल्यावर फरक पडतो, हा आक्षेप खरा आहे. मोठी चित्रं आणि एकाच वेळी उघडलेली अनेक सॉफ्टवेअर यांना तिचा फायदा होतोच. पण दोनशे पानांचा मजकूर एकाच साखळीत जोडलेला असेल, तर तिसऱ्या पानावर वाढलेली एक ओळ पुढची सगळी पानं हलवते. पॅराग्राफ कंपोझर ओळी तोडताना अख्खा परिच्छेद विचारात घेतो. वर ग्रेप स्टाइल लावलेल्या असतील, तर त्यांची जुळवाजुळवही पुन्हा होते. हे काम मजकुराच्या रचनेने ओढवलेलं आहे, आणि रॅम वाढवून ते कमी होत नाही. प्रत्येक कथा-लेखाची साखळी वेगळी ठेवावी आणि मोठ्या पुस्तकाची प्रकरणं वेगळ्या फाइलमध्ये लावावीत. मग पृष्ठांक आणि सूची कोलमडतील, असं वाटू शकतं. पण बुक पॅनेल सगळ्या फाइलमधून सलग पृष्ठांक देतं आणि अनुक्रमणिका, सूचीही एकत्र काढून देतं. लाइव्ह प्रीफ्लाइट आणि पानांच्या छोट्या प्रतिमा बंद केल्या की लगेच थोडा हलकेपणा येतो, पण तो तात्पुरता आराम आहे; छपाईआधी प्रीफ्लाइट पुन्हा चालू करायलाच हवं.

पुढच्या लेखांकात नेटवर्कवर ठेवलेल्या चित्रांच्या लिंक आणि त्यामुळे फाइल उघडायला लागणारा वेळ.